रेकॉर्डची आगोट

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम सुरू होतो तो गाण्याने नव्हे. सुई खाचेत उतरते, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग पलीकडच्या वाडीतून यावा इतका लांबून हृदयाचा ठोका येऊ लागतो. हा बँडचा ड्रमवादक निक मेसन याच्या बेस ड्रमचा आवाज. दुसऱ्या बाजूच्या अखेरीस तोच ठोका परत येतो आणि विरत विरत नाहीसा होतो. मार्च १९७३ मध्ये निघालेल्या या अल्बमची जेमतेम ४३ मिनिटं अशी दोन शांततांच्या मध्ये बसवलेली आहेत. म्हणून त्याची रीमास्टर केलेली नवी रेकॉर्ड कशी आहे हे गिटारपेक्षा या दोन जागाच नेमकं सांगतात. जुलैत जिथे भिंतींनाही घाम फुटतो त्या कोकणात तर फारच. कारखान्यातून तबकडी कितीही स्वच्छ येऊ दे, तिची शांतता पावसाळाभर टिकवायची तर तांदूळ, सोलं, सुकी मासळी यांच्यासारखी तिचीही आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, मे महिन्यातच करावी लागते.

रीमास्टर या शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण पैसे त्याच शब्दाचे मोजलेले असतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने हा अल्बम मुद्रित केला तो सोळा ट्रॅकच्या टेपवर. त्या सोळांचं मिश्रण करून डाव्या-उजव्या बाजूची दोन ट्रॅकची मास्टर टेप तयार झाली. रीमास्टर करणाऱ्याच्या हाती येते ती ही दोन ट्रॅकची टेप. ड्रम थोडा मागे घ्यावा, गाणारीला थोडं पुढे आणावं, हे त्याला करता येत नाही. सोळा ट्रॅकपर्यंत मागे जाऊन तसं केलं तर तो रीमिक्स. त्याच्या हातात उरतं ते एवढंच: टेपच्या पिढ्यांतली सर्वांत जुनी कोणती ते शोधणं, टेप यंत्राचं हेड तिच्यावरच्या जुळणीच्या स्वरांशी मिळवून घेणं, कुठल्या पट्टीतला आवाज अर्धा-एक डेसिबल चढवायचा वा उतरवायचा ते ठरवणं, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत बारीक आवाजातलं अंतर जपणं. हे शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं. बारीक आवाज वर ओढून सगळंच मोठं केलं की पहिल्या पाच मिनिटांत रेकॉर्ड जोरकस वाटते, पण ठोका ‘लांबून’ येईनासा होतो.

या अल्बमच्या २००३ च्या रेकॉर्डचं काम डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी केलं, २०१६ च्या आवृत्तीचं जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी. पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२३ साली, गथ्री यांचं नवं रीमास्टर आलं. नावं सांगायचं कारण असं की अशी नावं किंवा आद्याक्षरं बहुतेक वेळा तबकडीवरच सापडतात. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा उरतो, तो टॉर्चखाली तिरपा धरा; हाताने कोरलेले आकडे आणि अक्षरं दिसतील. कव्हरवरचा सोनेरी स्टिकर विक्रेत्याचा, तर ही अक्षरं कोरणाऱ्याची. विकत घेताना माझा भरवसा या अक्षरांवर. ‘मूळ टेपवरून’ या शब्दांचाही नीट अर्थ लावावा. मूळ टेपवरून डिजिटल फाइल आणि तिच्यावरून कोरलेली तबकडी, असाही प्रवास त्या शब्दांत बसतो. तो वाईट असतो असं नाही, पण खरेदीआधी माहीत असावा.

तबकडीच्या १८० ग्रॅम वजनाचं फार मनावर घेऊ नये. खाचेची खोली वजनावर ठरत नाही. जाड तबकडी जरा कमी वाकते, इतकंच.

टेपलाही दमट हवेचं वावडं आहे, हे कोकणातल्या माणसाला चटकन पटेल. सत्तरच्या दशकात आणि पुढे बनलेल्या कित्येक टेपांत चुंबकीय पूड धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतलं पाणी शोषून चिकट होतो. तशी टेप वाजवायला घेतली की यंत्राच्या हेडवर तपकिरी लेप चढतो आणि आवाज त्या लेपाबरोबर निघून जातो. त्यावर उपाय म्हणून टेप पन्नास-पंचावन्न अंश सेल्सियसला तासन्‌तास शेकतात, मग थोड्याच दिवसांत नक्कल करून घेतात. सुकटीला पुन्हा ऊन दाखवतात, तोच न्याय.

टेपवरचा आवाज तबकडीत उतरवताना दोन अडचणी येतात, आणि दोन्हींचा परिणाम थेट आपल्या घरात ऐकू येतो. पहिली बासची. खर्जातला आवाज आहे तसा कोरला तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने ठरवलेल्या वक्राप्रमाणे २० हर्ट्झचा आवाज जवळजवळ २० डेसिबलने उतरवून आणि २० किलोहर्ट्झचा तितकाच चढवून कोरतात. घरातला फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, बरोबर उलटं करतो. म्हणजे ५० हर्ट्झला तो मधल्या सुरांच्या तुलनेत साधारण १७ डेसिबलची वाढ देतो. आणि ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरची वीज. अर्थिंग कच्चं असेल तर ठोक्याआधीच्या शांततेत तीच ‘घूंऽऽ’ करत बसते.

दुसरी अडचण जागेची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम २० ते २२. तितकाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. या अल्बमची पहिली बाजू १९ मिनिटांची, दुसरी जवळजवळ २४ मिनिटांची. आणि दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत भरगच्च भाग, ‘इक्लिप्स’, येतो तो अगदी शेवटी, लेबलला टेकून, जिथे जागा सर्वांत तोकडी. कोरणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते आणि तुमच्या सुईची सुद्धा. इथे समूहस्वर फाटल्यासारखा, वाळू मिसळल्यासारखा ऐकू आला तर रेकॉर्ड सदोष म्हणून परत पाठवायची घाई करू नये. बहुतेक वेळा कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी छोटी डबी, एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसलेलं असतं.

ते तपासायला कागदी प्रोट्रॅक्टर, म्हणजे रेघा आखलेला कोनमापक, पुरतो. स्पिंडलच्या, म्हणजे तबकडी अडकवायच्या मधल्या खुंटीच्या, मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर अंतरावरच्या दोन बिंदूंवर सुई ठेवली असता कार्ट्रिजच्या कडा कागदावरच्या रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत, दोन्ही ठिकाणी. एका ठिकाणी जुळतात आणि दुसऱ्या ठिकाणी नाहीत, तर कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते सरकवावं आणि पुन्हा पाहावं. अर्धा तास जातो. मग सुईचं खाचेवर पडणारं वजन. साध्या लंबवर्तुळी सुईच्या बऱ्याच कार्ट्रिजना १.८ ते २.२ ग्रॅम लागतं. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर असतो. तो टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) मागच्या चकतीवर विसंबून न धरता छोट्या डिजिटल काट्यावर मोजावा. ‘कमी वजन म्हणजे रेकॉर्डची झीज कमी’ हा समज जाता जात नाही. हलकी सुई मोठ्या आवाजावर खाचेच्या एका भिंतीवरून दुसरीवर आपटते आणि कायमचे टवके काढते. ‘टाइम’च्या आरंभी एकदम वाजणारी घड्याळं यासाठी उत्तम परीक्षा आहेत. ती घंटा-घंटा सुटी ऐकू आली तर वजन बरोबर. सगळ्यांचा मिळून चरचरीत गोळा झाला तर आधी सुईवरचा मळ पाहावा, मग वजन.

इथवरचं सगळं पुण्या-नागपुरातही असंच. यापुढचं मात्र आपलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांवर राहते. बुरशीला सत्तर टक्के पुरतात. तबकडीचं विनाइल (प्लॅस्टिक) बुरशीच्या फारसं पोटात जात नाही. ती जगते ती कव्हरच्या पुठ्ठ्यावर, खळीवर, धुळीवर आणि खाचेत राहिलेल्या बोटांच्या तेलकटपणावर. या अल्बमचं उघडणारं दुहेरी कव्हर तर काळंभोर. त्रिकोणी लोलकाच्या आजूबाजूला पांढरट बुऱ्याचे ठिपके उमटले की लांबूनही कळतं. तबकडीवर मात्र टॉर्च तिरपा मारल्याशिवाय दिसत नाही. नकाशातल्या बेटांसारखे फिकट डाग असतात.

कान त्याआधी सांगतो. ओरखड्याचा ‘टक्’ बरोबर १.८ सेकंदांनी परत येतो, कारण तबकडीला एका फेरीला तितकाच वेळ लागतो. धुळीचे टणत्कार कुठेही, कसेही. स्थिर विजेचा आवाज तीक्ष्ण, चाबकासारखा. दमट हवेचा एक उपकार म्हणजे तो पावसाळ्यात जवळपास नसतोच. आणि बुरशीचा आवाज म्हणजे न थांबणारी मऊ चुरचुर, ओल्या फाट्यांना विस्तव लागताना होते तशी. हृदयाच्या ठोक्यांमागे ही चुरचुर आली की तबकडी ताबडतोब उचलावी. ‘वाजवता वाजवता साफ होईल’ म्हणून सुई तशीच चालू ठेवली, तर ती मळ खाचेच्या भिंतीत दळून बसवते.

साफसफाई बाहेर पडवीत करावी, नाकाला फडकं बांधून. बाकीच्या रेकॉर्ड ज्या खोलीत आहेत तिथे नको. एक लिटर द्रावणाला ८०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वास-रंग नसलेल्या फेनकाचे (सर्फॅक्टंटचे) चार-पाच थेंब. भांडी घासायचा लिक्विड साबण वापरू नये. त्यातला सुगंध आणि रंग खाचेत उरतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं का, हे घरीच कळतं: स्वच्छ काचेवर एक थेंब वाळू द्यावा, डाग उरला तर ते पाणी बॅटरीलाच बरं. विहिरीचं किंवा नळाचं तर नाहीच, खाडीलगतच्या गावात मुळीच नाही. द्रावण लेबलला न लावता खाचांवर पसरावं, मिनिटभर थांबावं पण वाळू देऊ नये, मऊ दाट केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवावं, मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावं आणि नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवावं. लोक चुकतात ते या धुण्यात. द्रावण खाचेत वाळलं तर त्यात विरघळलेला मळ पुन्हा तिथेच बसतो आणि साफ केलेली रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त करकरते. वाळवायला भांड्यांच्या जाळीत उभी ठेवावी. पंख्याखाली नको, पंखा धूळ आणि बुरशीचे कण दोन्ही आणून टाकतो.

इथे एक धोक्याची सूचना, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या अजून माळ्यावर निघतात. त्या लाखेच्या असतात. अल्कोहोल लाख विरघळवतं. त्यांना वरचं द्रावण लागलं की पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो आणि गायक कायमचा गेला. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि फेनकाचा थेंब, तोही झटपट.

आता आगोट. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, हवा गरम असली तरी मिरगाआधीची कोरडी दुपार पाहून, एकेक रेकॉर्ड बाहेर काढावी. नव्या रेकॉर्डवरचं घट्ट प्लॅस्टिक पूर्ण काढून टाकावं. ते पुढेही आवळत राहतं आणि तबकडी वाकवतं, शिवाय आत ओल कोंडतं. कागदी आतली पाकिटं बदलून पॉलिथिनची घालावीत, कारण कागद पाणी धरतो आणि त्याचा भुस्सा खाचेत पडतो. बाहेरचं आवरण मऊ, जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीचं नको. उष्म्यात त्यातला तेलकट अंश सुटून तबकडीवर धुरकट डाग उमटतो आणि तो धुऊन जात नाही. अल्बमबरोबर येणारी पोस्टर आणि स्टिकर वेगळ्या पाकिटात काढावीत. आतल्या कागदाची ओल शेवटी शेजारच्या तबकडीलाच जाते.

मग घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची पेटी. पन्नास लिटरच्या पेटीला ओल शोषणारं अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशव्यांत घालून ठेवलं तर पेटी क्वचितच उघडणाऱ्याचे महिना-दीड महिना निघतात. रोज उघडणाऱ्याचे आठ दिवसही नाहीत. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवून, गार करून परत भरावेत. आत एक छोटा आर्द्रतामापक असावा. स्वस्तातले मापक दहा-दहा टक्के चुकतात, पण तपासायची सोय स्वयंपाकघरात आहे: बाटलीच्या बुचात मीठ घ्यावं, ते चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालावं, बूच आणि मापक एका बंद डब्यात रात्रभर ठेवावेत. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ८१ दाखवत असेल तर तो सहाने पुढे आहे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पेटीत ४० ते ५० टक्के असेल तर बुरशीचं नाव नको.

पेटी माळ्यावर चढवू नये. एप्रिल-मेत कौलांखालची उष्णता तबकडीला बशीसारखी करते. झड लागणाऱ्या भिंतीला टेकवू नये. लोखंडी कपाटालाही आतून पाझर सुटतो. आणि डांबरगोळ्या कितीही हाताशी असल्या तरी आत टाकू नयेत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात.

टर्नटेबल कुठे ठेवायचं याचं उत्तर चिऱ्याच्या घरात सोपं आहे आणि अवघडही. तक्तपोशीवर टेबल ठेवलं तर खोलीत कुणी चाललं की सुई उडते. जांभ्याच्या जाड भिंतीतला कोनाडा, त्यात कडप्प्याची लादी, ही जागा दगडासारखी स्थिर. फक्त ती भिंत आतली हवी, पश्चिमेची नको. भिंतीवर ब्रॅकेट ठोकणार असाल तर साध्या अँकर बोल्टवर विसंबू नये. जांभा सच्छिद्र, बोल्ट फुगवला की भोक मोठं होतं आणि सहा महिन्यांत शेल्फ कलतं. केमिकल अँकर किंवा सिमेंटात बसवलेली सागाची खुंटी टिकते.

विजेचं म्हणाल तर सड्यावरच्या घरांचं अर्थिंग उन्हाळ्यात हमखास रुसतं, कारण खाली कातळ आणि तोही कोरडा. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाचा असेल तर त्यात पाणी ओतत राहावं लागतं. टर्नटेबलची बारीक हिरवी वा काळी तार प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट आहे ना, हे आधी पाहावं. निम्मी घूंऽऽ तिथेच संपते. उरलेली बहुधा खाऱ्या हवेची: जोडतारांच्या पिना हिरव्या-काळ्या पडतात. वर्षातून दोनदा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्या की डावीकडचा हरवलेला आवाज परत येतो. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्ड लावायची असेल तर तो प्युअर साइन वेव्हचाच हवा. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट प्रीॲम्पमधून माशी भिरभिरल्यासारखी ऐकू येते, आणि विजेच्या वारंवारितेवर फिरणारी साधी मोटरही तिच्यावर कुरकुरते. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लग काढून ठेवावा.

एवढं केल्यावर ऐकायचं कधी? पाऊस कौलांवर धो धो पडत असताना ‘मनी’ खुशाल लावावं. नाण्यांच्या खणखणाटाचं ते चक्र सात मात्रांचं आहे. रूपक हाताने मोजणाऱ्या भजनी माणसाला त्यात अवघडल्यासारखं होत नाही, उलट मध्ये गिटारसाठी ताल चारावर जातो तेव्हाच तो चपापतो. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधला गायिका क्लेअर टॉरीचा तो शब्दांशिवायचा आलापही पावसावर मात करतो. पण पहिला आणि शेवटचा ठोका ऐकायचा तर पागोळ्या थांबायला हव्यात. श्रावणात उघडीप मिळते, रात्री साडेदहानंतर समोरच्या घरातला टीव्ही बंद होतो, मग बेडकांचं काय ते उरतं. पंखा बंद करावा. आवाज नेहमीपेक्षा थोडा चढवून दुसरी बाजू लावावी.

‘इक्लिप्स’ कोसळून थांबतं आणि ठोके उरतात. त्यांच्यावरून ॲबी रोडच्या दरवानाचा, जेरी ओ’ड्रिस्कॉलचा आवाज येऊन जातो. काही आवृत्त्यांत त्या ठोक्यांच्याही खाली, असून नसल्यासारखी, बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावरची धून आहे; टेपवर कुठून तरी राहून गेलेली. ती ऐकू येते का, ते पाहावं. मग सुई शेवटच्या खाचेत फिरू लागते आणि दर १.८ सेकंदांनी तिचा हलका आवाज येत राहतो. सुई उचलावी, तबकडी कडांनी धरून पॉलिथिनमध्ये सरकवावी, पेटी बंद करण्याआधी सिलिकाच्या दाण्यांचा रंग पाहावा.